तोफेतली मुलगी: स्फोट खोटा, उड्डाण खरं

हेडफोन लावलेत? चला मग, एप्रिल 1877, लंडन. वेस्टमिन्स्टरमधलं रॉयल अक्वेरियम. नाव माशांचं, पण गर्दी व्हायची ती कसरतींना.

एक मुलगी तोफेच्या नळीत शिरते. धडाम! धूर. आणि ती हवेतून उडत जाऊन समोरच्या जाळीत पडते. पोस्टरवर तिचं नाव झाझेल. खरं नाव रोसा मटिल्डा रिश्टर. विशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

आता गंमत ऐका. दारूने तिला उडवलंच नव्हतं. दारू फक्त आवाजासाठी आणि धुरासाठी. आमच्या भाषेत सांगायचं तर स्फोट म्हणजे नुसता यूआय. खरं काम बॅकएंडला, नळीच्या आत, ताणून धरलेल्या स्प्रिंगा करायच्या. झाझेल एका छोट्या फळीवर ताठ उभी राहायची, खटका सुटला की फळी पुढे झेपावायची आणि नळीच्या तोंडाशी थांबायची. मुलगी मात्र थांबायची नाही.

दारू का नको? साधं गणित करू. समजा, 45 अंशात 9 मीटर लांब जायचंय. त्यासाठी सुटताना वेग लागतो ताशी साधारण 34 किलोमीटर, म्हणजे गल्लीतल्या स्कूटरएवढा. हा वेग 2 मीटर नळीभर हळूहळू दिला, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या दोन-सव्वादोन पट जोर येतो. कसलेली कसरतपटू सहन करते. तोच वेग 10 सेंटिमीटरमध्ये दिला, तर जोर 45 पट! गुडघे, कणा, काही शिल्लक राहणार नाही. म्हणजे सगळा खेळ धक्का किती अंतरात पसरवता याचा.

हे डोकं होतं फरिनीचं. मूळ नाव विल्यम लिओनार्ड हंट. 1860 मध्ये नायगाराच्या दरीवरून दोरावर चालत गेलेला हा बहाद्दर. माणसं हवेत फेकायच्या यंत्राचं पेटंट त्याने 1871 मध्येच घेतलं होतं. त्याआधी अशाच यंत्राने तो ‘लुलू’ला रंगमंचावरून वर उडवायचा. लोकांना वाटे मुलगी, निघाला त्याने वाढवलेला मुलगा! तिकीट खपवायची अक्कल जबरदस्तच म्हणायची.

पण मला खटकतं ते वेगळंच. पेटंट त्याचं, जाहिरात त्याची, आणि नळीत कोण? दुसऱ्याचं पोर. तेव्हाच्या सर्कशींत लहान मुलांना उंचावर चढवणं सर्रास चाले. ओरड वाढली आणि 1879 मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला: 14 वर्षांखालच्यांना धोकादायक खेळ करायला लावायचे नाहीत. झाझेलचं वय तोवर पुढे गेलं होतं, त्यामुळे तिला त्याचा काही उपयोग नव्हता. 1897 मध्ये मर्यादा वाढली. मुलांसाठी 16, मुलींसाठी 18.

झाझेल मग अमेरिकेत गेली, बार्नमकडेही खेळली. 1891 मध्ये ती पडली, पाठ मोडली आणि काम कायमचं सुटलं. आणि ती पडली तोफेतून नव्हे हं. उंच तारेवरून.