काळ्या स्क्रूवर किती भरवसा ठेवाल?

घरात फॉल्स सीलिंगचं काम झालं की कारागीर मूठभर काळे स्क्रू मागे सोडून जातात. ‘असू देत, लागतील कधीतरी’ म्हणून ते डब्यात जातात आणि मग घरातल्या प्रत्येक कामाला तेच निघतात.

हा जिप्सम स्क्रू. पत्र्याच्या चॅनेलवर जिप्समचा बोर्ड बसवायला केलेला. कडक असतो, पण ठिसूळ. साधा स्क्रू वजनाने आधी वाकतो, निदान आपल्याला कळतं तरी! हा न वाकताच कटकन तुटतो. डाळी-पिठाच्या डब्यांची फळी याच्या जिवावर लावू नका, खाली पोरं खेळत असतात. विटांच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडा, प्लॅस्टिकची गिट्टी ठोका आणि जाड लाकडी स्क्रू आवळा. बाथरूममध्ये तर काळा नकोच, ओलीने गंजतो. तिथे स्टेनलेस स्टीलचाच मागा, चार पैसे जास्त गेले तरी.

बोर्डाचंच काम असेल तर दुकानात आटे बघून घ्या. बारीक आटे पत्र्यासाठी, मोठे विरळ आटे लाकडासाठी. १२.५ मिलिमीटरच्या बोर्डाला २५ मिलिमीटरचा, म्हणजे एक इंची पुरतो. मागे चॅनेल कुठे आहे ते कळत नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवून बघा, ओढ लागेल तिथे पत्रा. स्क्रूचं डोकं किंचित आत जाऊ द्या, पण बोर्डाचा कागद फाटू देऊ नका. फाटला तर पकड गेली, दोन इंच बाजूला नवा मारा.