स्लॅबची घाई, कार्बनची भर

करी रोड स्टेशनजवळ ना. म. जोशी मार्गावर 32 बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्या 1920च्या दशकात. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत 80 खोल्या, बांधकाम आरसीसीचं. म्हाडाच्या पुनर्विकासात इथल्या 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं घर मिळायचं आहे. तीन पिढ्या दाटीत काढलेल्यांना ते मिळायलाच हवं. प्रश्न आहे तो त्यासाठी ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटचा.

हिशेबाची रीत सोपी आहे: मालाचं प्रमाण गुणिले त्या मालामागचं उत्सर्जन. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी 1450 अंशांपर्यंत तापते. 100 किलो शुद्ध चुनखडी फुटली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. इंधनाचा धूर वेगळाच. घनमीटरला 400 किलो साधं सिमेंट धरलं, तर सहा घनमीटरच्या एका मिक्सर गाडीमागे दोन्ही मिळून उत्सर्जन दोन टनांच्या घरात जातं.

यातलं निम्मं सिमेंट काढून पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतल्या मळीची पूड घातली, तर उत्सर्जनही जवळपास निम्म्यावर येतं. शिवाय असं काँक्रीट खाऱ्या हवेत अधिक टिकतं. अडचण अशी: ते ताकद सावकाश धरतं. स्लॅबचं शटरिंग लवकर उतरवायचं, तर सिमेंट जास्त लागतं. पण राफ्टवर, म्हणजे पायाच्या स्लॅबवर, आणि खालच्या कॉलमवर पूर्ण भार येतो तो वरचे मजले चढल्यावर, काही महिन्यांनी. तिथे ताकद 28 दिवसांतच कशाला हवी? 56 किंवा 90 दिवसांची अट घातली, तरी सुरक्षिततेत उणं येत नाही.

मळी मात्र पोलादाएवढीच मर्यादित. म्हणून भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळलेल्या सिमेंटकडे लक्ष लागलं आहे. माती 800 अंशांच्या आसपास भाजते, आणि उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत घटू शकतं. भारतीय मानक ब्युरोने 2023 साली त्याचं मानकही काढलं.

काँक्रीट ओतल्यावर हिशेब मांडून उपयोग नाही. निविदेत ‘एम-40’ अशी काँक्रीटची प्रत लिहिताना शेजारी घनमीटरमागे किती किलो कार्बन चालेल आणि ताकद किती दिवसांत हवी, हेही लिहिलं पाहिजे. मग कंत्राटदार आपणहून कमी सिमेंटचं मिश्रण शोधेल.