उच्चार एक, स्पेलिंग दोन

साखरा (जि. हिंगोली) : ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल. ऐकताना दोन्ही सारखेच. अर्थ ठरतो तो ह्रस्व-दीर्घावरून. मराठीत अशा जोड्या मोजक्या. इंग्रजीत मात्र त्या पावलोपावली भेटतात. राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झाल्याने साखऱ्यासारख्या गावातील मुलांची त्यांच्याशी गाठ लवकर पडते आणि श्रुतलेखनात हमखास गुण जातात.

‘नाइट’ ऐकल्यावर रात्र लिहावी की सरदार? सरदाराच्या स्पेलिंगमध्ये आरंभी ‘के’ असतो. जुन्या इंग्रजीत तो उच्चारलाही जात असे. पुढे उच्चार लोपला, अक्षर उरले. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले, बोली मात्र बदलत राहिली. ‘मीट’ म्हणजे मांस आणि ‘मीट’ म्हणजे भेटणे, यांचे स्वरही पूर्वी निराळे होते. ‘ई-ए’ आणि ‘डबल ई’ हा त्याच जुन्या भेदाचा अवशेष.

याहून फसव्या जोड्या देवनागरीने निर्माण केल्या आहेत. ‘टेस्ट’ म्हणजे चाचणी आणि चवही. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि वाया घालवणेही. ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि वेदनाही. इंग्रजी भाषकाच्या तोंडी हे उच्चार स्पष्टपणे भिन्न आहेत. आपण दोहोंना एकच मात्रा देतो, म्हणून ते सारखे भासतात. येथे दोष इंग्रजीचा नव्हे. हा भेद कानांना शिकवता येतो. ‘नाइट’ची गोष्ट वेगळी. तेथे सुटा शब्द न सांगता पूर्ण वाक्य सांगणे, हाच श्रुतलेखनातील उपाय.