वेडा राघू: आपण कुठे बघतोय, हे त्याला कळतं!

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बसमध्ये बसून वाचत असाल तर एक काम करा. मोबाईलमधून मान वर काढा आणि बाहेरच्या विजेच्या तारेकडे बघा. तारेवर चिमणीएवढा, पोपटी हिरवा, बारीक बाकदार चोचीचा एखादा पक्षी दिसतोय का? शेपटीतून दोन काड्यांसारखी पिसं बाहेर आलेली? दिसला असेल तर आजचा आपला पाहुणा तोच. वेडा राघू!

आधी माझा पराक्रम सांगते, कारण त्यातूनच हा भाग सुचला.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. कधीतरी कुणीतरी खोदकाम करून मुरमाचा ढीग तिथे टाकून ठेवलाय. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्या ढिगाच्या उभ्या बाजूला मला एक गोल बीळ दिसलं आणि समोरच्या झुडपावर वेडा राघू. चोचीत एक मोठा चतुर. म्हटलं, आता हा आत जाणार, पिल्लांना भरवणार आणि आपल्याला झकास रील मिळणार! बिळासमोर पंधरा-वीस पावलांवर मोबाईल धरून उभी राहिले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. हा पठ्ठ्या जागचा हलेना. मधूनच उडायचा, गिरकी घ्यायचा, परत त्याच फांदीवर. चोचीत चतुर तसाच. मी मनात म्हणतेय, "खरंच वेडा आहे हा!"

शेवटी प्लॉटवरचे वॉचमनकाका आले. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ताई, तुमी जरा तिकडं तोंड करा बरं. तुमी अशी टक लावल्यावर त्यो कसा जाईल आत?"

मी हसले, पण पाठ फिरवली. काही क्षणांतच काका म्हणाले, "गेला बगा!"

म्हणजे वेडं कोण होतं, हे तुम्हीच ठरवा.

राघू नाही, आणि वेडाही नाही

आधी ओळख करून घेऊ. नावात राघू असला तरी पोपटाशी याचं काही नातं नाही. हा खंड्या आणि नीलपंख यांच्या गणातला. शास्त्रीय नाव मेरॉप्स ओरिएंटॅलिस. लांबी साधारण १६ ते १८ सेंटिमीटर, शिवाय शेपटीतल्या त्या दोन काड्या वेगळ्या. अंग हिरवं, डोक्यावर सोनेरी-तांबूस झाक, गळ्यावर निळसर रंग आणि त्याखाली काळी रेघ. डोळा लालबुंद आणि त्यावरून जाणारी काळी पट्टी, जणू गॉगलच लावलाय. नर-मादी दिसायला सारखेच. लहान पिल्लांना शेपटीतल्या काड्या नसतात.

आणि वेडा का म्हणायचं? तर तारेवरून उडायचं, हवेत गिरकी मारायची आणि परत तारेवर येऊन बसायचं, असं याचं दिवसभर चालू असतं. बघणाऱ्याला वाटतं, याला काय झालंय! पण प्रत्येक गिरकी म्हणजे एक शिकार असते. मधमाशी, गांधीलमाशी, उडत्या मुंग्या, भुंगे, चतुर, जे उडेल ते. हवेतच पकडायचं आणि बसायच्या जागी आणायचं.

पुढचा भाग तर बघण्यासारखा. मधमाशीला नांगी असते, तशीच गिळली तर पंचाईत. म्हणून हा तिला फांदीवर आपटतो, मग तिचं शेपटीकडचं टोक फांदीवर घासतो. नांगी आणि विष निघून जातं. मग गट्टम! पंख आणि कवचाचे न पचणारे भाग नंतर छोट्या गोळीच्या रूपात तोंडातून बाहेर टाकतो. यात वेडेपणा कुठे आहे?

एकच दार असलेलं घर

याचं घरटं झाडावर नसतं. मार्च ते जूनच्या सुमारास नर-मादी मिळून मातीच्या उभ्या कडेत, नाल्याच्या काठाला, कधी सपाट वाळूच्या जमिनीतही बोगदा खणतात. चोचीने माती उकरायची आणि पायाने मागे फेकायची. पंधरा-वीस ग्रॅमचा हा जीव, पण बोगदा कधी कधी दीड मीटरपर्यंत जातो! आत गवत नाही, कापूस नाही. उघड्या मातीवरच तीन ते पाच अंडी. गोल, चकचकीत, पांढरीशुभ्र. अंधारात कुणाला दिसणार? त्यामुळे त्यांना ठिपक्यांची नक्षी लागत नाही. दोघंही आळीपाळीने उबवतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर यायला लागतात. सगळी एकाच दिवशी नाही, मागेपुढे. त्यामुळे एकाच घरात थोरलं आणि धाकटं असा फरक असतो.

पण या घराला दार एकच. साप किंवा मुंगूस आत शिरलं तर पिल्लांना पळायला दुसरी वाट नाही. त्यामुळे घराचा पत्ता लपवणं हाच सगळ्यात मोठा बचाव. कुणी बघत असताना आत जाणं म्हणजे शत्रूला बोट दाखवून पत्ता सांगण्यासारखं आहे.

पुण्यातला प्रयोग

आता गंमत ऐका. वॉचमनकाका जे सहज बोलून गेले, त्यावर पुण्याच्या मिलिंद वाटवे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर प्रयोग केले होते. २००२ मध्ये त्यांचा शोधनिबंध 'अ‍ॅनिमल कॉग्निशन' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला.

पहिला प्रयोग असा. माणसाला घरट्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरच्या दोन जागी उभं करायचं. एका जागेवरून घरटं दिसतं, दुसरीवरून दिसत नाही. अंतर सारखं, म्हणजे नुसत्या जवळिकीचीच भीती असेल तर पक्षी दोन्ही वेळा सारखंच वागेल. पण तसं झालं नाही. माणसाला घरटं दिसत नसताना पक्षी जास्त वेळा आत गेले.

दुसऱ्या प्रयोगात प्रश्न नजरेचा होता. माणूस घरट्याकडे बघतोय की दुसरीकडे? तो दुसरीकडे बघत असताना पक्षी जास्त वेळा आत गेले. आणि खरी मेख पुढे आहे. माणसाची नजर घरट्यापासून किती वळलीय, याचा संबंध पक्ष्याच्या वागण्याशी लागला. ती पक्ष्यापासून किती वळलीय, याचा लागला नाही. म्हणजे "हा माझ्याकडे बघतोय का?" एवढंच तो बघत नव्हता. "याला माझं घर दिसतंय का?" याचा अंदाज घेत होता!

आता याचा अर्थ त्याला आपलं मन वाचता येतं असा लगेच काढू नका. 'डोळे घराकडे वळले की थांब' असा एखादा नियम तो अनुभवातून शिकलाही असेल. पण त्यासाठीसुद्धा दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसतं, याचा हिशेब लागतोच. शिवाय सगळे पक्षी अगदी एकसारखे वागले नाहीत. प्रत्येकाची अंदाज बांधायची पद्धत थोडी वेगळी होती. लहान मुलांना ही समज यायला काही वर्षं लागतात, हे आठवलं की त्या एवढ्याशा डोक्याचं कौतुक वाटतं.

मग आपण काय करायचं?

हे सगळं वाचल्यावर मला माझी ती वीस मिनिटं आठवली. मी ढिगाला हात लावला नव्हता, आवाज केला नव्हता. "मी काय त्रास दिला? नुसती बघत तर होते!" असंच मी कुणालाही सांगितलं असतं. पण माझं नुसतं बघणं हेच बंद दार होतं. मे महिन्याच्या उन्हात आत पिल्लं भुकेली आणि बाहेर घास घेऊन थांबलेले आईबाप. घास कमी पडले की पहिला फटका बसतो तो धाकट्या पिल्लाला.

म्हणून लक्षात ठेवा. चोचीत किडा घेऊन एखादा पक्षी बराच वेळ एकाच जागी बसलाय आणि खात नाहीये, तर तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय. तिथून निघा. थांबायचंच असेल तर लांब आणि अशा जागी थांबा, जिथून बिळाचं तोंड दिसणार नाही. फोटो हवा असेल तर तारेवरचा काढा. तिथे तो मजेत पोझ देतो! घरट्याचं लोकेशन मात्र कुठेही टाकू नका. आणि तुमच्याकडे असा मातीचा ढीग हलवणार असतील, तर जून सरेपर्यंत थांबता येईल का, एवढं विचारून बघा.

आमच्या मागचा ढीग अजून आहे. यंदाही बीळ दिसलं. मी लांबून जाते, मान दुसरीकडे करून. काका हसतात.

तुमच्याकडे वेडा राघूला काय म्हणतात, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत बघत राहा, पण जरा जपून!