नुसते नक्षीकाम?

घरात चित्रे काढणारे मूल असेल तर अन्वर जलाल शेमझा यांची हकिकत त्याला जरूर सांगावी. सिमल्यात जन्मलेले, लाहोरला शिकलेले शेमझा १९५६ मध्ये लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेले. तोवर ते नावाजलेले चित्रकार होते, उर्दूत कादंबऱ्याही लिहीत. लंडनला मात्र रेखांकनात नापास!

त्यातच एका संध्याकाळी अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांचे व्याख्यान झाले. इस्लामी कला ही केवळ उपयोगाची, सजावटीची, असा त्याचा सूर होता. शेमझा उठले आणि त्यांनी आपली चित्रे नष्ट केली. गॉम्ब्रिख स्वतः नाझींच्या काळात व्हिएन्ना सोडलेले ज्यू होते. परकेपण भोगलेल्या विद्वानालाही वर्गात कोण बसले आहे हे दिसू नये, हेच आम्हाला अधिक बोचते.

पुढे लंडनच्या संग्रहालयांत इस्लामी कलेची दालने पाहताना शेमझांना वाट सापडली. ज्यांच्या घरचा धंदाच गालिच्यांचा, त्यांना आपला वारसा लंडनच्या काचेआड भेटावा! मग चौकोन, वर्तुळ आणि मीमसारखी अक्षरे यांतून त्यांनी स्वतःची चित्रभाषा घडवली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी 'रूट्स' ही मालिका केली. तिच्यात वर रोप आणि खाली अक्षरांसारखी वळणारी मुळे आहेत.

शेमझा एकटे होते. नंतरची मुले एकत्र आली. १९८२ मध्ये वुल्वरहॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये कृष्णवर्णीय कलाविद्यार्थ्यांनी स्वतःच राष्ट्रीय परिषद भरवली. त्या सभेत बसलेल्या सोनिया बॉइस यांना २०२२ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला. १९८९ मध्ये कराचीचे रशीद अराईन यांनी हेवर्ड गॅलरीत आफ्रिकी, आशियाई व कॅरिबियन वंशाच्या कलावंतांचे प्रदर्शन मांडले. त्यात गोव्याचे सूझा होते, शेमझाही होते. पण शेमझांचा इंतकाल १९८५ मध्येच झाला होता.

आमच्या घरांत अजून "चित्रकलेने पोट भरेल का?" एवढेच विचारले जाते. प्रवेश घेताना अभ्यासक्रमात कोणाची कला शिकवतात आणि ती कोणत्या शब्दांत, हेही विचारावे. २०१९ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्समधील विद्यार्थ्यांनी वंशभेदाविरुद्ध डेप्टफर्ड टाऊन हॉल १३७ दिवस ताब्यात ठेवला. शिक्षकांना वंशभेदाविषयी प्रशिक्षण द्या, ही त्यांची एक मागणी होती. दारावरच्या सुरक्षारक्षकांना कंत्राटदाराकडून काढून थेट विद्यापीठाच्या नोकरीत घ्या, ही दुसरी.