परळीचा वैद्यनाथ आणि उदरातील द्वारपाल

महाशिवरात्रीस बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे भाविकांची रीघ लागते. अहिल्यादेवी होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या देवालयाची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी यांना श्रीविष्णूंनी या लिंगात लपविले. दैत्यांनी हात लावताच ज्वाळा उसळल्या. भक्तांनी स्पर्श करताच अमृतधारा स्रवल्या.

आप्त कोण व वैरी कोण, हे ओळखण्याचे असेच कार्य आपल्या आतड्याचे अस्तर अहोरात्र करीत असते. हे अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असून त्यातील बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत झडून नव्या येतात. शेजारच्या पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी परस्परांस घट्ट शिवलेल्या असतात. काही पेशी बुळबुळीत श्लेष्मा स्रवतात, तर काही जंतुनाशक द्रव्ये. त्यामुळे अन्नरस आत येतो व जंतू बाहेर राहतात. आतड्यात वसणारे अब्जावधी जंतू बहुतांशी निरुपद्रवी. त्यांच्यावर शस्त्र उपसू नये, ही समजही या पेशींना आहे. घातक जंतू घुसला की मात्र त्या रासायनिक संदेश धाडून संरक्षक पेशींना पाचारण करतात. हाच दाह होय. शत्रू हटल्यावर ही ज्वाळा शमावयास हवी. टाके उसवून ती धुमसत राहिली, तर व्रण पडतात, शौचावाटे रक्त जाते.

मोठ्या आतड्यातील पेशींचे पोषण मुख्यतः ब्युटिरेट या आम्लावर होते. आपण खाल्लेला चोथा आंबवून जंतूच ते निर्माण करतात, आणि दाहही त्याने आवरतो. चोथा मिळेनासा झाला की जंतू श्लेष्म्याचा थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. एका दिवसाच्या उपवासाने निरोगी मनुष्याचे काही बिघडत नाही; पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हा आपला जुना प्रघात! साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच. राजगिरा, रताळी व फळे यांत तो असतो.

भगरीविषयी मात्र सावध असावे. तिच्या पिठाने विषबाधा झाल्याची वृत्ते मराठवाड्यातून सणासुदीस येतात. दमट जागी त्यावर बुरशी धरते. बुरशीची काही विषे आतड्याचे हे टाकेच सैल करतात, आणि शिजविल्यानेही ती सहसा नष्ट होत नाहीत. तयार पीठ न आणता अख्खी भगर निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच घरी दळावी; कुबट वास येत असल्यास टाकून द्यावी.