लोहचुंबक चिकटला तेव्हा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. आमची फियाट ११०० डी गल्लीत बंपर बुडेपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन सावरले, बंपरांवर मात्र पुढच्या दोन पावसाळ्यांत देवीच्या व्रणांसारखे डाग उमटले.

क्रोमचा बंपर म्हणजे साधा पोलादी पत्रा, त्यावर निकेल आणि अगदी वर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ क्रोमियम. चमक क्रोमची, राखण निकेलची. निकेलला एक छिद्र पडले की गंज आतून फुगतो आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. पुन्हा क्रोम चढवायचे, तर त्या हौदातले सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारे. म्हणून मी स्टेनलेस निवडले. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, पण ते पत्र्याच्या अंगातच. ओरखडा पडला तरी खालून तेच निघते.

विंटेजवाल्या मित्रांनी नाके मुरडली: ‘ओरिजिनल गेलं!’ मला हा सोवळेपणा कधीच पटला नाही. ओरिजिनल म्हणजे नेमके कुठले, हे शोधू लागलो आणि बंपर बाजूला राहून मी साताऱ्यात पोचलो.

ही फियाट कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. कंपनी १९४४ ची, वालचंद हिराचंदांची. ते १९५३ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी ११०० डी पाहिलीच नाही. सांगलीचे अभियांत्रिकी कॉलेज १९४७ मध्ये निघाले आणि १९५५ पासून त्यांचे नाव लावते. आणि सातारा रोडचा कूपर इंजिनिअरिंग कारखाना? तोही पुढे वालचंदांकडेच आला.

या कूपरांनी मला खरे धरून ठेवले. धनजीशा कूपर, साताऱ्याचे पारशी. लोखंडी नांगर ओतणारे, किर्लोस्करवाडीच्या नांगराशी बाजारात टक्कर घेणारे. १९३० च्या दशकात त्यांच्या कारखान्यातून डिझेल इंजिने बाहेर पडली. मग १९३७ साल. निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, पण मंत्रिमंडळ बनवायला राजी नव्हती; तेव्हा १ एप्रिलला मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले हे नांगरवाले. पाठीशी बहुमत नाही. १९ जुलैला बाळासाहेब खेरांचे सरकार आले आणि कूपर पायउतार झाले. जेमतेम साडेतीन महिने. आज साताऱ्यात पेढे घेणाऱ्या दहा जणांना विचारा, एकालाही हे ठाऊक असेल तर पेढे माझ्याकडून. प्रांताच्या पहिल्या पंतप्रधानाला इतके विसरणे मला पोरकटपणाचे वाटते. कूपरांचे राजकारण मला पटत नाही, पण त्यांची आठवण ठेवायला ते पटावे लागत नाही.

असो. बंपर कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने केले. त्याचा रोजचा धंदा दुधाच्या टाक्यांचा, त्यामुळे ३०४ त्याच्या हातातले. लाकडी साच्यावर ठोकून त्याने वळणे काढली, आर्गन वेल्डिंग केले, बफ मारला. बसवताना घाई करायची नसते. आधी सगळे नट हातानेच लावायचे, दोन्ही मडगार्डपासूनचे अंतर सारखे करायचे, मगच मधून कडेकडे आवळत जायचे. स्टेनलेस आणि साधे लोखंड ओले होऊन एकमेकांना भिडले की गंज लोखंडाला खातो. म्हणून ब्रॅकेटला रंग आणि मध्ये नायलॉनचे वायसर. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर तो जागीच जाम होतो, आधी ग्रीस.

घरी आल्यावर मी लोहचुंबक लावून पाहिला. मधल्या सपाट पट्टीवर तो घसरून पडला. कडेच्या वळणांवर मात्र किंचित धरला. फसवले की काय! वालचंद कॉलेजात धातुशास्त्र शिकलेल्या मित्राला फोन केला.

‘अरे, चुंबकानं ग्रेड कळत नाही,’ तो म्हणाला. ‘स्वस्तातलं २०२सुद्धा चिकटत नाही. ग्रेड बघायची तर रसायनाचा थेंब टाकून बघ. आणि वळणावर चिकटलं ना? थंड पत्रा ठोकला की त्याची आतली रचना बदलते, थोडं चुंबकत्व येतं. हाताचं काम आहे, बाबा.’

थेंबही टाकून पाहिला. ३०४ च निघाले. तरी पाहुणे आले की मी चुंबक काढतोच आणि हातोडा कुठे कुठे पडला ते त्यांना दाखवतो.